रंजकदान व बंदुकीचा कान
(मुरगूड येथील एका वस्तूवरून)

कागल तालुक्यांतील मुरगूड हें गांव वेदगंगेच्या कांठीं, निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कागलकर घाटग्यांपैकीं सर पिराजीराव यांच्या नांवाचा तलाव येथें असल्यामुळें गांवाचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें. जुनीं दप्तरें पाहण्याच्या निमित्तानें आम्ही तेथील एका घरीं गेलों होतों. दप्तरांत आमच्या उपयोगाचें कांहीं निघालें नाहीं. परंतु देवघराशेजारच्या कोनाड्यांत एक शिंगाची वस्तु दृष्टीस पडली. प्रस्तुत लेख तिच्याविषयीं आहे.

ही वस्तु सुमारें आठ अंगुळें लांब, किंचित् वांकडी व एका टोंकास निमुळती आहे. निमुळत्या टोंकास पितळेची बारीक चोंच बसविली असून तिच्या तोंडावर झांकण आहे. झांकण एका लहान दांडीच्या शेवटास जोडलेलें असून दांडीखालीं पोलादी कमान आहे. दांडी आंगठ्यानें दाबली कीं तोंड उघडावें व सोडली कीं मिटावें, अशी योजना. घरच्या मंडळींच्या समजुतीप्रमाणें ही 'आजोबांची अत्तरदाणी' होय. त्याच घरांतील तलवार दर दसऱ्यास पुजली जाते, तिला तेल मिळतें, फुलें मिळतात. ही बिचारी अत्तरदाणी काडवातींच्या डब्यामागें पडलेली होती. परवानगी घेऊन आम्हीं चोंचींत सुई घातली, तेव्हां आंतून काळ्या रंगाचे चार कण पडले. ते खापरीवर ठेवून निखारा लावतांच भपकन् पेटले. अत्तर असें पेटत नाहीं, हें यजमानांनीं हंसत कबूल केलें.

ही वस्तु रंजकदान होय. आमच्या संग्राहकांचें लक्ष बंदुकीच्या नळीकडे, तिच्यावरील सोन्यारुप्याच्या कामाकडे आणि फार तर दस्त्याच्या लांकडाकडे जातें. बंदूक सुटेल कीं नाहीं, हें मात्र नळीच्या बाहेर, वाटाण्याएवढ्या जागेंत ठरत असे. त्या जागेचीं उपकरणें आम्हीं अत्तरदाण्या व काजळाच्या डब्या म्हणून गमावून बसलों आहों. म्हणून तिचा व्यवहार थोडा विस्तारानें सांगणें अवश्य वाटतें.

तोड्याच्या बंदुकींत दोन प्रकारची दारू लागे. नळींत तोंडाकडून घालून गजानें ठासावयाची ती जाड दाण्याची. तिचें शिंगडें मोठें असे. नळीच्या बुडाशीं बाजूस एक बारीक छिद्र असे, त्यास कान म्हणत. आणि कानाबाहेर जी वाटीवजा खांच असे ती प्याला. या प्याल्यांत घालावयाची बारीक कुटलेली दारू ती रंजक. चाप ओढला म्हणजे जळता तोडा प्याल्यावर उतरावा, रंजकेनें पेट घ्यावा, तिची ज्वाला कानांतून आंत शिरावी आणि मग आंतला बार उडावा, असा हा चार पायऱ्यांचा जिना होता. यांतील एक पायरी निसटली कीं सारें व्यर्थ. रंजक जळून जाई, डोळ्यांपुढें लखलखाट होई, धूर निघे आणि बंदूक गप्प राही. शत्रूस अगर सावजास मात्र आपला ठिकाणा कळून चुकलेला असे.

असें कां होई, याचीं कारणें क्षुल्लक दिसतात. कानांत आधींच्या बाराची काजळी सांचे. ती काढण्याकरितां बंदुकीसच सांखळीनें सुई अडकविलेली असे. जुन्या बंदुकांवर ही सांखळी पुष्कळदां दिसते, सुई क्वचित् दिसते. प्याल्यांत रंजक कमी पडली तर ज्वाला कानापर्यंत पोंचत नसे. फार पडून कानांत दाबून बसली तर ज्वाला एकदम आंत न शिरतां वातीसारखी हळू जळत जाई, व तेवढ्या विलंबांत नेम हुके. वारा सुटला कीं रंजक उडे. म्हणून प्याल्यावर फिरतें झांकण असे आणि तें ऐन वेळीं सरकविण्यास विसरणाराही असे. तोड्याच्या टोंकावरील राख फुंकून टाकावी लागे, आणि ती फुंकतांना ठिणगी उघड्या प्याल्यावर पडली तर काय होई तें सांगणें नको. फ्रेंच प्रवासी बर्निए, जो औरंगझेबाच्या कारकीर्दीच्या आरंभींचीं वर्षें हिंदुस्थानांत होता, त्यानें येथील बंदूकवाल्यांविषयीं लिहितांना, डोळे व दाढी भाजेल या भयानें ते कसे बिचकत, याचें थट्टेचें वर्णन केलें आहे. आम्हांस त्यांत थट्टेसारखें कांहीं दिसत नाहीं. गालापासून वीतभर अंतरावर रंजक पेटत असतां जो बिचकत नसेल, त्याची दाढी पूर्वींच जळालेली असली पाहिजे.

आतां रंजकदानाकडे वळूं. त्याचें काम एकच: एका दाबास प्यालाभर, ना अधिक ना उणी, रंजक द्यावयाची. घोड्यावर, अंधारांत, घामेजल्या हातानें हें साधावें म्हणून ती दांडी व ती कमान. मुरगूडच्या नगाची कमान गंजली होती, तरी थोडी उचल खात होती. दारूचे उरलेले कण झाडून काढून, कोरडी रांगोळी बारीक चाळून आम्हीं त्यांत भरली व खापरीवर प्रयोग करून पाहिला. पहिल्या दोन दाबांस कांहींच आलें नाहीं, तिसऱ्यास एकदम ढीग पडला. चोंच ठोकली तेव्हां थोडा वेळ नीट चाललें, पुढें पुन्हा बंद. रांगोळी ही रंजक नव्हे व गंजलेली कमान ही नवी कमान नव्हे, हें खरें. तरी बारीक पूड अरुंद चोंचींत जमून बसते, हा दोष वस्तूच्या जातीचाच आहे. शेवटीं आमच्या उतावळेपणानें दांडी अधिक दाबली गेली आणि कमान मोडली. यजमान कांहीं बोलले नाहींत, त्यामुळें आम्हांस अधिक वाईट वाटलें. जुन्या वस्तूंवर असले प्रयोग कोणी करूं नयेत.

याहून मोठा शत्रु दमट हवा. दारूंतील सोरा शुद्ध असेल तर हवेंतील पाणी फारसें ओढीत नाहीं. परंतु देशी रीतीनें काढलेल्या सोऱ्यांत मीठ व इतर क्षार राहत आणि ते पाणी ओढीत. रंजक बारीक असल्यानें तिला ओल लवकर बाधे. या प्रांतांतील पावसाळा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. करवीरच्या संभाजी महाराजांच्या नांवें इ. स. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत दुर्गाच्या प्रकरणीं दारूखान्याचे नियम आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा आणि हवालदारानें आठापंधरा दिवसांनीं दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हा मोहर करून ठेवावें, असें त्यांत सांगितलें आहे. पुष्कळ वाचक हें कलम अमात्यांच्या काटेकोरपणाचें उदाहरण म्हणून वाचतात. ज्यानें ओल्या दारूचा अनुभव घेतला आहे त्याचें तें कलम आहे, असें आम्हांस वाटतें.

म्हणून पावसांत बंदुका निकामीच होत, असा सरसकट निष्कर्षही काढूं नये. पन्हाळ्याहून विशाळगडास जातांना इ. स. १६६० च्या जुलईंत, भर पावसाळ्यांत, बाजीप्रभु देशपांडे बंदुकीच्या गोळीनें पडले, अशी परंपरागत हकीकत आहे. तोडा पदराखालीं व प्याला झांकणाखालीं जपणारा एक सावध माणूस असला तर पावसांतही बार निघे. मोठ्या फौजेंत असे सावध किती असत, हा प्रश्न निराळा.

युरोपांत तोड्याच्या जागीं चकमक आली, परंतु प्याला आणि रंजक तशींच राहिलीं. त्यांतून सुटका केली ती फोर्सिथ नांवाच्या स्कॉटिश पाद्र्यानें. प्याल्यांतील लखलखाट पाहून पक्षी उडून जात, या शिकाऱ्याच्या वैतागांतून त्यानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याची युक्ति काढली व इ. स. १८०७ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पुढें तांब्याची टोपी निघाली. इ. स. १८३४ मध्यें वुलिच येथें दोन्ही जातींच्या बंदुकांचे सहा सहा हजार बार काढून पाहिले, तेव्हां चकमकीच्या बंदुकीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीच्या बंदुकीचे अवघे ३६. हे आंकडे इतिहासलेखकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. उत्तम कारागिरीच्या चकमकीचे सातांत एकाहून अधिक बार प्रयोगभूमीवर फसत असतील, तर रणांगणावरील हिशेब ज्यानें त्यानें करावा. इ. स. १८४१ च्या मे महिन्यांत चीनमध्यें कँटनजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी पावसांत सांपडली, चकमकीच्या बंदुका चालेनात, आणि टोपीच्या बंदुका घेऊन गेलेल्या दर्यावर्दी शिपायांनीं तिला सोडवून आणलें.

टोपीनें रंजकदान संपलें, पण वैताग संपला नाहीं. टोपी मसुराएवढी, ती बोटांनीं बसवितांना गळून पडे. म्हणून पितळेच्या चपट्या डब्या निघाल्या. त्यांत टोप्या एका रांगेंत बसत व कमान त्यांस तोंडाशीं ढकले. एखादी टोपी आडवी झाली कीं सारी रांग अडे. पुढें मागून भरावयाच्या बंदुका आल्या आणि टोपी काडतुसाच्या बुडांत गेली. तेव्हां सरकारी फौजेस तयार काडतुसें मिळूं लागलीं. खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना इ. स. १८६९ चा आहे. खासगी शिकारी मात्र उडालेलीं काडतुसें घरीं पुन्हा भरीत. जुनी टोपी काढून नवी बसविण्याचें हातांतलें हत्यार त्यांच्या पेटींत असे. यांत टोपी वर राहिली तर घोड्याचा ठोका तिला आंत ढकलण्यांतच खर्ची पडे व बार फसे. क्वचित् बंदूक मिटतांनाच उडण्याचें भय. फार दाबली तर आंतील दारूची चकती चिरडे. किती दाबावें हें हत्यारास कळत नसे, आंगठ्यास कळे. शिंगाच्या रंजकदानाची तक्रार पोलादी हत्यारांत उतरली, ती अशी.

मुरगूडच्या घरीं रंजकदान आहे आणि बंदूक नाहीं, याचा उलगडा काय? आमचा तर्क असा. भुदरगड येथून दक्षिणेस फार दूर नाहीं. इ. स. १८४४ मध्यें सामानगड, भुदरगड व पन्हाळा येथील गडकऱ्यांनीं उठाव केला. १३ ऑक्टोबरास सामानगड व १ डिसेंबरास पन्हाळा इंग्रजांनीं हल्ला करून घेतला. पुढें गडांची मोडतोड झाली, गडकऱ्यांची वंशपरंपरेची नोकरी बंद झाली व तीं माणसें गांवोगांव पांगलीं. नंतर इ. स. १८५७-५८ च्या धामधुमींत दक्षिण महाराष्ट्रांत हत्यारें काढून घेण्याची मोहीम झाली. नरगुंदच्या प्रकरणास तेंच निमित्त झालें. सरकारास बंदूक हवी होती. शिंगाची डबी कोण मागतो? ती कोनाड्यांत राहिली व दोन पिढ्यांनंतर अत्तरदाणी झाली. प्रस्तुत घराण्याचा गडांशीं संबंध दाखविणारा कागद आम्हांस मिळालेला नाहीं, म्हणून यास तर्कच म्हणावें.

कागद वाचणारांस एक सूचना. मोडींत अनुस्वार बहुधा गाळलेला असतो. त्यामुळें दारूखान्याच्या यादींतील रंजक 'रजक' अशी दिसते व घाईनें वाचणारा तेथें परीट आणून बसवितो. अनुस्वार लावून वाचणाराही आजच्या 'मनोरंजक' अर्थाकडे ओढला जातो. शेजारीं सोरा, शिसें, तोडे, शिंगडीं असे शब्द असतील तर परटाचें तेथें कांहीं काम नाहीं.

दुसरी सूचना जिवाची आहे. ठासणीची जुनी बंदूक संग्रहास आली कीं गज आंत सोडून, बाहेर नळीशीं लावून, बूड कोठें येतें तें पाहावें. गज कमी शिरला तर आंत बार आहे असें समजावें आणि जाणत्या माणसास बोलवावें. मुरगूडचे ते चार कण किती वर्षांचे होते कोण जाणे. पेटावयास त्यांस क्षणही लागला नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं अशीं शिंगाचीं, लांकडाचीं अगर पितळेचीं रंजकदानें असतील, त्यांनीं त्यांची लांबी, चोंचीच्या छिद्राची रुंदी व कमानीची घडण लिहून मंडळाकडे पाठवावी. कानाची सुई सांखळीसह शाबूत असेल तर तिचें रेखाचित्रही पाठवावें. कमान दाबून मात्र पाहूं नये.