हवाई बेटे आणि घरातला प्रिंटर

सहामाहीची प्रश्नपत्रिका तयार आहे, संगणक टेबलावर आहे, प्रिंटर खिडकीपाशी आहे, दोघांमध्ये चार हातांचे अंतर आहे आणि तरीही पडद्यावर अक्षरे उमटतात, ‘प्रिंटर सापडत नाही’. हा प्रसंग बऱ्याच शिक्षकांवर आला असेल. आमच्यावरही आला आहे. तार लावली की काम होते, मग बिनतारी जोडणीचा हट्ट कशाला, असे त्या क्षणी वाटतेच. पण राग ओसरल्यावर उलटा प्रश्न विचारून पाहावा. घरात, शेजारी, वरच्या मजल्यावर इतकी यंत्रे एकाच हवेत एकाच वेळी बोलत असताना या दोघांचे बोलणे एरवी जमते तरी कसे? उत्तरासाठी प्रशांत महासागरात जावे लागते, आणि गंमत अशी की परतीच्या वाटेवर पहिलाच मुक्काम एका प्रिंटरपाशी पडतो.

हवाई विद्यापीठाचे मुख्य आवार ओआहू बेटावर, होनोलुलू शहरात आहे; त्याची इतर महाविद्यालये वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली. १९६८ साली विद्यापीठाचा मोठा संगणक मुख्य आवारात होता. तो दुरून वापरायचा तर टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रामसन हे तेथे प्राध्यापक होते. लाटांवर स्वार होण्याच्या छंदापायी ते हवाईत आले, असे ते स्वतःच सांगत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांऐवजी रेडिओ लहरी वापरायचे ठरवले. जून १९७१ मध्ये हे जाळे सुरू झाले. त्याचे नाव ‘अलोहानेट’.

रेडिओवरून माहिती पाठवणे तेव्हा नवे नव्हते. अडचण वेगळीच होती. सगळ्यांना मिळून एकच वारंवारता, तर कोणी कधी बोलायचे? वर्गात आपण हात वर करायला लावतो आणि एकेकाला परवानगी देतो. किंवा प्रत्येकाला वेळ वाटून देता येतो. पण टंकयंत्रापुढे बसलेला माणूस एक ओळ लिहितो आणि मग बराच वेळ विचार करतो. त्याच्यासाठी राखलेला वेळ बहुतांशी वायाच जाणार. अब्रामसन यांनी मॉनिटरच काढून टाकला. ज्याला बोलायचे त्याने खुशाल बोलावे. मध्यवर्ती केंद्राला संदेश धड मिळाला तर ते पोच देईल. दोन संदेश एकमेकांवर आदळले तर दोन्ही बिघडतील, पोच येणार नाही. मग प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून तोच संदेश पुन्हा पाठवावा. ‘मनाला येईल तितका’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोघेही ठरावीक वेळ थांबले तर पुन्हा एकदमच बोलतील, आणि पुन्हा आदळतील.

नियम वेडगळ वाटतो. म्हणूनच तो गणिताने तपासायला हवा. अलोहानेटचा एक संदेश, म्हणजे पॅकेट, ७०४ बिटांचा होता आणि वेग सेकंदाला ९६०० बिट. म्हणजे एका पॅकेटला सुमारे ७३ मिलिसेकंद लागत. आपले पॅकेट सुखरूप पोहोचायचे तर ते चालू असताना दुसरे सुरू होता कामा नये. पण त्याच्या आधीच्या ७३ मिलिसेकंदांतही दुसरे सुरू झालेले असता कामा नये, नाहीतर त्याची शेपटी आपल्या डोक्यावर येईल. धोक्याचा काळ असा दुप्पट होतो. संदेश यदृच्छेने येतात असे धरून हिशेब केला की या पद्धतीत वाहिनीचा फार तर शेकडा १८ भाग सत्कारणी लागतो. बाकीचा वेळ टकरींत किंवा शांततेत जातो. हे फार थोडे आहे का? सेकंदाला साधारण अडीच संदेश सुखरूप जाणार. प्रत्येक जण अर्ध्या मिनिटाला एक ओळ लिहितो असे मानले, तर त्या एका वाहिनीवर पंचाहत्तर माणसांची सोय होते, तीही कोणाच्याही देखरेखीशिवाय.

हा प्रयोग वर्गात करता येतो. दहा मुलांनी डोळे मिटून, लहर येईल तेव्हा, आपले नाव एकदा म्हणायचे. दोन नावे मिसळली तर दोन्ही बाद. फळ्यापाशी उभ्या मुलाने स्पष्ट ऐकू आलेली नावेच लिहायची. मग मुलांना आधी कान देऊन, शांतता असेल तेव्हाच बोलायला सांगावे आणि दोन्ही खेपांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत.

ही दुसरी खेप म्हणजेच पुढची पायरी, आणि ती प्रिंटरमुळे चढली गेली. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर नावाचे संशोधक लेसरच्या किरणाने कागदावर चित्र उमटवण्याच्या खटपटीत होते. त्यांच्या वरिष्ठांना हा उद्योग पसंत नव्हता, म्हणून १९७१ च्या सुरुवातीला ते कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथील नव्या संशोधन केंद्रात गेले आणि त्याच वर्षी यंत्र उभे केले. सेकंदाला एक पान, इंचाला ५०० ठिपके. साडेआठ इंच गुणिले अकरा इंचांच्या पानावर हे सुमारे २ कोटी ३४ लाख ठिपके होतात. सेकंदाला ९६०० बिटांच्या तारेवरून ते पाठवायचे तर एका पानाला चाळीस मिनिटे! प्रिंटर धावणारा आणि त्याला खाऊ घालणारी नळी केसाएवढी, अशी स्थिती. शिवाय असे यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर ठेवणे परवडणारे नव्हते. एक प्रिंटर आणि केंद्रातले सगळे ‘आल्टो’ संगणक, असाच संसार करायचा होता.

जोडणीचे काम रॉबर्ट मेटकाफ या तरुणाकडे होते. हार्वर्ड विद्यापीठाने १९७२ साली त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध नाकारलेला. त्याच वर्षी अब्रामसन यांचा लेख त्यांच्या वाचनात आला. गणित त्यांना आवडले, गृहीतक खटकले. उत्तर आले नाही तरी माणसे पूर्वीच्याच वेगाने टंकत राहतात, असे त्यात धरले होते. प्रत्यक्षात माणूस वाट पाहतो. मेटकाफ यांनी हे सुधारून मांडले, ते प्रबंधात घातले आणि १९७३ मध्ये पदवी मिळवली. नापास प्रबंधाची याहून चांगली दुरुस्ती आमच्या तरी माहितीत नाही.

२२ मे १९७३ च्या टिपणात त्यांनी नव्या जाळ्याची रूपरेषा दिली. बोलण्यापूर्वी ऐकावे. बोलतानाही ऐकत राहावे. टक्कर झाल्याचे कळताच गप्प बसावे. आणि दर टकरीनंतर थांबण्याच्या वेळेची मर्यादा दुप्पट करावी, म्हणजे गर्दी वाढली की सगळेच आपोआप सबुरीने घेतील. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने त्याच वर्षी ते चालूही झाले, सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट या वेगाने. या वेगानेही सगळे ठिपके पाठवायला आठ सेकंद लागले असते. म्हणून ठिपके पाठवायचेच नाहीत, फक्त अक्षरांचे संकेत पाठवायचे आणि अक्षरांचे आकार प्रिंटरपाशी घडवायचे, अशी युक्ती केली. तीन हजार अक्षरांचे पान असे आठ हजारांश सेकंदात जाते.

नाव ठेवले ‘ईथरनेट’. प्रकाश वाहून नेणारे सर्वव्यापी माध्यम म्हणून एकोणिसाव्या शतकात मानलेला आणि १८८७ च्या मायकेलसन–मोर्ले प्रयोगात न सापडलेला ईथर भौतिकीच्या शिक्षकांना आठवत असेलच. तारेचे नाव न घेता ईथर म्हणण्यात दूरदृष्टी होती. आज तार आहे, उद्या रेडिओही असू शकेल, असे त्या टिपणातच सुचवले होते.

रेडिओकडे परतताना मात्र एक नियम गळून पडला. तारेवर बोलताना ऐकता येते. हवेत स्वतःचा आवाज दुरून येणाऱ्या आवाजाच्या कितीतरी कोटी पटींनी, अनेकदा अब्जपटीने, मोठा असतो; त्यात दुसऱ्याची टक्कर ऐकू येणे कठीण. भिंतीपलीकडचे दोघे तर एकमेकांना ऐकतच नाहीत, मधल्याला मात्र दोघेही ऐकू येतात. म्हणून १९९७ च्या ८०२.११ या मानकात, ज्याच्या पुढच्या आवृत्त्यांना आपण वाय-फाय म्हणतो, टक्कर ओळखण्याऐवजी टाळण्यावर भर दिला: आधी ऐका, शांतता असली तरी यदृच्छेने थोडे थांबा, मग बोला, आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवा. ही पोच थेट हवाईची.

तंत्राइतकाच कायदाही आडवा आला असता. अमेरिकेने १९८५ साली, तर भारताने २००५ साली २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या अशा यंत्रांसाठी परवान्याविना खुला केला. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात चालते, त्यामुळे कोणाला त्याचे फारसे मोल वाटत नव्हते. टाकाऊ मानलेल्या या जागेवर पुढे केवढी वस्ती झाली!

आता प्रश्नपत्रिकेकडे. बोलता येणे वेगळे आणि ज्याच्याशी बोलायचे तो सापडणे वेगळे. पूर्वी प्रिंटरचा अंकी पत्ता हाताने लिहून द्यावा लागे. १९९९ पासून स्टुअर्ट चेशायर आणि इतरांनी यावर काम केले. त्यांची कल्पना चावडीवर हाक मारण्यासारखी आहे. संगणक त्या जाळ्यावर सर्वांना उद्देशून विचारतो, ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ आणि प्रिंटर स्वतःच ‘मी’ म्हणून नाव सांगतो. पण ही हाक साधारणपणे एकाच जाळ्याच्या वेशीपर्यंत पोहोचते. घरातल्या राउटरवर ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून वेगळे जाळे असेल, संगणक त्यावर आणि प्रिंटर मुख्य जाळ्यावर असेल, तर चार हातांवरूनही ऐकू जात नाही. आमच्या घरी नेमके हेच झाले होते.

पत्ता वाटणारा राउटर गाठता आला नाही, तर अनेक प्रिंटर एक पत्ता स्वतःच यदृच्छेने निवडतात, ‘हा कोणाचा आहे का?’ असे तीनदा विचारतात आणि कोणी हरकत घेतली नाही तर तो घेतात. या पत्त्यांची सुरुवात १६९.२५४ ने होते. प्रिंटरच्या पडद्यावर हे आकडे दिसले तर संगणकाला दोष न देता आधी प्रिंटरमधले वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द तपासावा.