लॅपटॉपवरील अस्थिर वायफाय

लॅपटॉप वायफायला जोडलेला दिसतो, तरीही इंटरनेट मधूनच जाते, मंदावते, किंवा घरातल्या एका खोलीत चालते आणि दुसरीत चालत नाही. अशा जाऊन-येऊन होणाऱ्या बिघाडांना अस्थिर वायफाय म्हणतात. नेट साफ बंद पडले तर दोष चटकन सापडतो. मधूनच जाणारे नेट मात्र तपासणारा माणूस दारात येईपर्यंत सुरळीत झालेले असते. म्हणूनच या बिघाडात दुरुस्तीआधी निदानावर वेळ घालवावा लागतो.

लॅपटॉपपासून संकेतस्थळापर्यंतच्या वाटेवर ढोबळमानाने चार टप्पे येतात : लॅपटॉपमधले वायफाय कार्ड व त्याचा ड्रायव्हर, लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामधली हवा, स्वतः राऊटर, आणि राऊटरच्या मागची सेवादात्या कंपनीची लाइन. पडद्यावरच्या रेंजच्या काड्या यांतल्या फक्त हवेबद्दल सांगतात. काड्या भरलेल्या असताना राऊटरमागची फायबर तुटलेली असू शकते. घरोघरी पहिला उपाय होतो तो राऊटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा. त्याने नेट अनेकदा परत येते हे खरे, पण सगळ्याच जोडण्या एकदम नव्याने होत असल्यामुळे दोष कुठे होता याचा पुरावाही पुसला जातो.

पुरावा हाती राहील अशी सर्वांत साधी चाचणी म्हणजे पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहणे. लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायच्या. एकीतून राऊटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) सतत पिंग करायचे, दुसरीतून ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला. मग नेट बिघडण्याची वाट पाहायची. राऊटरकडून एरवी काही मिलिसेकंदांत येणारे उत्तर शेकड्यांत गेले किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशा ओळी येऊ लागल्या, तर दोष लॅपटॉप, हवा किंवा राऊटरच्या रेडिओत आहे. केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही. राऊटर नेमाने उत्तर देत असताना दुसरी खिडकी अडखळली, तर लाइनचा दोष. दोन्ही खिडक्या सुरळीत असूनही पाने उघडत नसतील, तर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेवर संशय घ्यावा आणि सेटिंगमध्ये दुसरा सर्व्हर घालून पाहावा. त्याच जागी मोबाइलवर नेट नीट चालत असेल, तर लॅपटॉपवरचा संशय आणखी बळावतो. एवढ्या तपासणीला ना पैसे लागतात ना हत्यारे, आणि निम्म्याहून अधिक चुकीचे उपाय तिथेच टळतात.

विंडोजच्या ‘नो इंटरनेट’ या खुणेवर मात्र विसंबू नये. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली मजकूर-फाइल मागवते. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ते मिळाले नाहीत की ही खूण लागते. व्हीपीएन किंवा फायरवॉलने ती फाइल अडवली, तर नेट चालू असूनही खूण दिसत राहते.

हवेचा टप्पा सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण ती हवा कुणा एकाची नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये काही रेडिओपट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी खुले केले. त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वायफाय वाढले. ८०२.११ हे पहिले मानक १९९७ मध्ये आले आणि त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. पट्ट्याची एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यातली चॅनले पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण किमान वीस मेगाहर्ट्झ जागा अडवते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनले तीनच उरतात : १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईच्या इमारतीत यादीत पंधरा-वीस शेजाऱ्यांची नावे दिसतात, आणि ती सगळी या तीन चॅनलांवर दाटीवाटीने बसलेली असतात. वायफायचे उपकरण बोलण्याआधी ऐकते; कुणी बोलत असेल तर थांबते. म्हणून रात्री नऊच्या सुमारास भरल्या काड्यांवरही नेट रखडते. कुणी मध्येच ३ किंवा ४ वर राऊटर ठेवला, तर दोन्हीकडच्यांना त्रास होतो.

याच पट्ट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो, साधारण २४५० मेगाहर्ट्झवर. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. १९९८ पासून या दुर्बिणीवर अधूनमधून चमत्कारिक रेडिओस्पंद उमटत. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘पेरिटॉन’ असे नाव दिले होते. ते बहुतेक कामाच्या दिवशी आणि कामाच्याच वेळेत येत, त्यामुळे उगम पृथ्वीवरचा असावा ही शंका होतीच. २०१५ च्या सुरुवातीला तिथे हस्तक्षेपावर नजर ठेवणारे नवे यंत्र बसले, तेव्हा प्रत्येक पेरिटॉनच्या वेळी २.४ गिगाहर्ट्झवरही खळबळ दिसली. अखेर उलगडा झाला : वेळ संपायच्या आत कुणी मायक्रोवेव्हचे दार उघडले की बंद होता होता त्याच्या मॅग्नेट्रॉनमधून, म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या नळीतून, स्पंद बाहेर पडत होता. घरातल्या बिघाडालाही हाच धडा लागू पडतो. नेट कधी जाते याची वेळ लिहून ठेवली, तर ते कशामुळे जाते हे पुष्कळदा त्या वेळेतच लिहिलेले असते.

योगायोग असा की पार्क्स दुर्बीण चालवणाऱ्या सीएसआयआरओ या संस्थेतच जॉन ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींच्या गोंधळावर तोड काढली होती. त्या तंत्राचे अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळाले. तरी परावर्तनाचा प्रश्न पुरता मिटलेला नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणून लॅपटॉप वीतभर सरकवला तरी कमकुवत जागा टळू शकते. सिग्नलची ताकद काड्यांऐवजी डीबीएममध्ये पाहावी. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की आकडा दिसतो. उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला तग धरत नाही. हे मोजमाप लघुगणकी आहे : दहाने घट म्हणजे ताकद एकदशांश. उणे ५० वरून उणे ८० वर येणे म्हणजे हजारावा भाग उरणे. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, सळयांचा काँक्रीट खांब हे मोठे अडथळे. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या भिंती पार करायला एक राऊटर सहसा पुरत नाही. टीव्हीच्या मागे जमिनीलगत खुपसलेला राऊटर उंच, मोकळ्या जागी ठेवणे हा फुकटातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते. भारताने २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग मोकळा केला. पण या लहरी भिंतींत लवकर विरतात. शिवाय यातली काही चॅनले रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राऊटरने चॅनल सोडायचे, आणि अशा चॅनलावर जाण्याआधी किमान मिनिटभर नुसते ऐकायचे, असा नियम अनेक देशांत आहे. विमानतळाजवळ ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून अचानक गायब होत असेल, तर ३६ ते ४८ पैकी एखादे चॅनल नेमून पाहावे. अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपची अडचण वेगळी. तिथे २.४ गिगाहर्ट्झवर सहसा ११ पर्यंतचीच चॅनले वापरतात, भारतात १३ पर्यंत. राऊटरने आपोआप १२ किंवा १३ निवडले की अशा लॅपटॉपला घरचे वायफाय यादीतही दिसत नाही. शेजारच्या सगळ्यांचे दिसते. सुटीला आलेल्या मुलाचा लॅपटॉप बिघडला असे घरचे समजतात, पण राऊटरवर चॅनल ६ नेमले की काम होते.

लॅपटॉपला टोचलेली वस्तूही गुन्हेगार असू शकते. यूएसबी ३.० जोडण्यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओगोंगाट सुटतो, हे इंटेलने २०१२ च्या तांत्रिक निबंधात दाखवले. बाहेरची हार्ड डिस्क जोडली की नेट रखडते आणि वायरलेस माउस अडखळतो, अशी तक्रार असेल तर डिस्क लांब केबलवर न्यावी किंवा ५ गिगाहर्ट्झवर जावे. ब्लूटूथ हेडफोनही याच पट्ट्यात बोलतात, आणि बऱ्याच लॅपटॉपांत ब्लूटूथ व वायफाय एकाच कार्डावर असतात.

खुद्द लॅपटॉपच्या आत पहिला संशय वीजबचतीवर. बॅटरीवर असताना नेट तुटते आणि चार्जर लावला की सुधारते, ही त्याची ठळक खूण. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट या भागात, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा देणारी चौकट असते. तिथली खूण काढावी. काही नव्या लॅपटॉपांत हा भागच दिसत नाही, तिथे पॉवर प्लॅनमधून तेच काम करता येते. उबुंटूमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग-फाइलीत वायफाय-पॉवरसेव्हचा आकडा ३ असतो, तो २ करावा लागतो. अपडेटनंतर लगेच बिघाड सुरू झाला असेल तर ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा. लिनक्सवाल्यांना ड्रायव्हरचे दुखणे जुने आहे. ब्रॉडकॉमने २०१० मध्ये आपल्या काही नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर दिला, त्याआधी कित्येकांना विंडोजचाच ड्रायव्हर एनडीआयएसरॅपर या सॉफ्टवेअरच्या आधाराने चालवावा लागे. लॅपटॉपचा नेटवर्क-पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, एवढा अर्थ.

लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला असतात. त्यांच्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात आणि मण्याएवढ्या गोल टोप्यांनी त्याला जोडलेल्या असतात. झाकण विशिष्ट कोनात असतानाच रेंज मिळते, किंवा बॅटरी बदलून आणल्यावर राऊटरशेजारीही दोनच काड्या दिसतात, तेव्हा यांतली एक टोपी निघालेली किंवा तार दुखावलेली असण्याची शक्यता मोठी. हा दोष कुठल्याही सेटिंगने जात नाही.

राऊटरच्या बाबतीत अडॅप्टर म्हातारा होणे हे दुर्लक्षित कारण आहे. व्होल्टेज खाली आले की राऊटर स्वतःहून बंद-चालू होतो, आणि दिवे नीट पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही. आणखी एक दोष ‘बफरब्लोट’ या नावाने ओळखला जातो. घरात कुणी मोठी फाइल वर चढवायला लावली की राऊटरमध्ये माहितीच्या पाकिटांची रांग साचते आणि बाकीच्यांचे कॉल तुटतात. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये या प्रश्नाला तोंड फोडले, कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रांग आवरणारी पद्धत मांडली. ती असलेला राऊटर घेणे हे महागडा प्लॅन घेण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

स्टेशन, हॉटेल, विमानतळ इथे नेट जोडूनही चालत नाही ते बहुधा लॉगिनचे पान न उघडल्यामुळे. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेचे मोफत वायफाय सुरू झाले, तिथेही मोबाइल क्रमांकावर आलेला कोड टाकूनच पुढे जाता येई. व्हीपीएन तात्पुरते बंद केले की असे पान बहुधा उघडते.

तक्रार नोंदवण्याआधी विंडोजकडून वायरलेस अहवाल मागवावा. त्यात गेल्या तीन दिवसांत जोडणी कधी तुटली आणि कोणत्या कारणाने, हे वेळेसकट मिळते. त्यासोबत पिंगच्या ओळी दाखवल्या तर सेवादात्याला ‘राऊटर चालू-बंद करून पाहा’ एवढ्यावर थांबता येत नाही. कार्डच गेले असेल तर बऱ्याच लॅपटॉपांत ते स्क्रू काढून बदलता येते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत मात्र ते मदरबोर्डावरच डाखलेले असू शकते, आणि मग यूएसबीचे वायफाय डोंगल हाच स्वस्त पर्याय. ते घेताना ५ गिगाहर्ट्झ चालते ना, हे खोक्यावर पाहून घ्यावे.