सुरुंगाचें यंत्र आणि खाणींतील हवा

खडकांत सुरुंगाचें भोंक पाडावयाचें तर एकानें पहार धरावी व दुसऱ्यानें घण हाणावा, ही जुनी रीत. यंत्रानें नांव काढलें तें आल्प्स पर्वतांत. फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या फ्रेजूस बोगद्याचें काम १८५७ सालीं सुरू झालें. माथ्यावरचा डोंगर इतका उंच, कीं हवेसाठीं मध्यें विहीर खणणें अशक्य. वाफेचें यंत्र आंत न्यावें तर माणसें धुरानें गुदमरावयाचीं. सोमेये नांवाच्या इंजिनियरानें १८६१ मध्यें दाबलेल्या हवेवर चालणारें यंत्र लावलें. यंत्रांतून सुटलेली हवाच मजुरांना श्वासासाठीं मिळूं लागली.

अशीं यंत्रें पुढें सोन्याच्या खाणींत गेलीं, आणि तेथें या हवेनेंच घात केला. गारगोटीची सूक्ष्म धूळ तिच्याबरोबर उडून फुप्फुसांत बसूं लागली. अमेरिकेंत डेन्व्हरच्या लेनर यानें पोकळ पहारीचें यंत्र काढलें; भोंकांतला चुरा बाहेर यावा म्हणून पहारींतून हवा सोडली. धूळ इतकी दाटली, कीं खाणकामगार तें यंत्र हातीं धरीनात! तेव्हां त्यानें हवेच्या जोडीला पाणी सोडलें.

हा उपाय सर्वत्र पोंचण्यापूर्वींच ट्रान्सवालमध्यें अनर्थ झाला होता. बोअर युद्धांत बंद पडलेल्या खाणी पुन्हां उघडल्या, तेव्हां युद्धापूर्वींचे कित्येक यंत्रचालक मरण पावल्याचें आढळलें, आणि १९०२ मध्यें चौकशीमंडळ नेमावें लागलें. हा हिशेब मुख्यतः गोऱ्या चालकांचा. त्यांच्या हाताखालीं राबणाऱ्या आफ्रिकन मजुरांचा हिशेब कोण ठेवणार? कॉर्नवॉलच्या खाणकामगारांच्या रोगाचें मूळ यंत्राच्या धुळींत आहे, हें हॉल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९०४ मध्यें दाखवून दिलें.

पाण्यानें धूळ बसली. पण खोल खाणींत खडकच तापलेला, आणि दमट हवेंत घाम वाळेना. ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा सुमारें ३१ अंशांवर गेला, तर स्थिर हवेंत माणसाच्या अंगचा ताप वाढूं लागतो, हेंहि हॉल्डेननेंच १९०५ मध्यें सांगितलें. तरी १९२४ पासून ट्रान्सवालच्या खाणींत उष्माघातानें मृत्यु होऊं लागले. ब्राझीलमधील मोरो व्हेल्हो खाणींत १९२० मध्येंच हवा थंड करण्याचा कारखाना उभा राहिला होता.

आपल्या कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या. तेथें म्हैसूर संस्थानानें सिलिकोसिसविषयीं नियम केले ते १९४० सालीं. त्या खाणी २००१ मध्यें बंद झाल्या. हा रोग मात्र धूळ थांबल्यावरहि वाढत राहूं शकतो.