वही मिटून चार ओळी लिहिल्या की जास्त का लक्षात राहतं?

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरमध्ये आयुध निर्माणी आहे. तोफगोळा पुढे फेकणारी प्रोपेलंट तिथे बनतात. अशा कारखान्यांतल्या शिकाऊ उमेदवारांसाठी ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ नावाचा ट्रेड असतो. रसायनं हाताळणाऱ्या प्रत्येकाला एक नियम यावाच लागतो: सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. शाळेच्या विज्ञानातही तो असतो.

नियम चार वेळा वाचला की येतो असं वाटतं. पण वही मिटून ‘असं का?’ याचं उत्तर तीन ओळींत लिहायला घेतलं, की पेन अडतं. ‘उष्णता निर्माण होते’ इथपर्यंत जमतं. पण उष्णता तर दोन्ही वेळी निर्माण होते, मग क्रमाने फरक का पडावा? कारण भरपूर पाण्यात हळूहळू आम्ल पडलं तर ती उष्णता पाणी सामावून घेतं. उलट केलं तर आम्लात पडलेलं थोडंसं पाणी क्षणात उकळतं आणि आम्ल अंगावर उडतं. पेन अडलं, तेवढाच भाग कच्चा होता. वाचताना तो कळत नाही, कारण उत्तर डोळ्यांसमोरच असतं.

याला सक्रिय स्मरण म्हणतात. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: तो ४२ टक्के आठवला, लिहून काढलेला ५६. आदल्या रात्रीचं वाचन फसवतं ते इथेच.

मराठी घरांत तिन्हीसांजेला परवचा म्हणायचे, पाटी पुसून पाढे पुन्हा लिहायचे. तेही पुस्तक न बघता आठवणंच होतं. फक्त त्यात ‘का’ विचारायची सोय नव्हती!

धडा संपला की ‘का’ आणि ‘कसं’चे दोन-तीन प्रश्न काढावेत. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता प्रत्येकाचं उत्तर तीन-चार ओळींत लिहावं, मग पुस्तकाशी ताडून चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करावं. ही तपासणी टाळली तर चुकीचंच पक्कं व्हायची भीती असते. अडलेले प्रश्न तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा लिहावेत. मोबाईलवर टाइप केलं तरी चालतं, फक्त बाजूच्या टॅबमध्ये उत्तर उघडं नको.