पुन्हा एकदा परीक्षेला

निकालाच्या दिवशी प्रत्येक गावात दोन तऱ्हेची घरे असतात. एका घरी पेढे वाटले जातात, दुसऱ्या घरचे दार भर दुपारी लोटून घेतलेले असते. पहिल्या घराविषयी सगळेच बोलतात. आज आपण दुसऱ्या घराविषयी बोलू. नापास झालेल्या किंवा कमी गुण पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेला बसण्याची सोय आपल्याकडे कशी होत गेली, हे थोडे इतिहासात डोकावून पाहायचे आहे.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे जिला पुढे आपण मॅट्रिक म्हणू लागलो ती, १८५९ साली झाली. शंभराहून अधिक विद्यार्थी बसले. उत्तीर्ण किती झाले? जेमतेम वीस-बावीस! त्यांत माधवराव रानडे होते. १८६२ साली पहिले बी. ए. बाहेर पडले तेही अवघे चार : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. या चौघांची नावे इतिहासाने जपली. परंतु १८५९ च्या त्या पहिल्या परीक्षेत नापास झालेल्यांचीच संख्या कितीतरी मोठी होती, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे विद्यापीठ आले तेच मुळी अपयशाला बरोबर घेऊन.

आता एका कोकणी मुलाची गोष्ट सांगतो. दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचा धोंडो केशव कर्वे. मराठी सहावीची सरकारी परीक्षा दिली की शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळण्याची आशा असे. साल १८७५ च्या सुमाराचे. दिवस पावसाळी. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट. ही मुले पायी चालत साताऱ्याला पोहोचली. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पुरी लागत. धोंडूची पुरी झाली होती, पण अंगकाठी लहान. परीक्षक म्हणाले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. झाले! एक ओळही न लिहिता त्याला माघारी यावे लागले. पुढल्या खेपेस तो कोल्हापूरला गेला आणि ती परीक्षा उत्तीर्ण झाला. मॅट्रिक झाला १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. १८८४ साली बी. ए. झाला. हेच आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, १९५८ साली ते भारतरत्न झाले.

ही गोष्ट सांगून आपण मुलांना म्हणतो, 'बघा, जिद्द धरा.' ते खरेच आहे. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. साताऱ्याचे दार बंद झाले तरी कोल्हापूरचे दार उघडे होते, म्हणून त्या जिद्दीला फळ आले. जिद्द मुलाने धरावी, पण दार उघडे ठेवण्याचे काम समाजाचे आहे.

आणि ते दार किती दिवसांनी उघडते, यालाही महत्त्व आहे. गांधीजींचे उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक ते १८८७ साली उत्तीर्ण झाले. पुढे विलायतेत बॅरिस्टरीचा अभ्यास करताना लंडनच्या मॅट्रिकलाही बसले आणि लॅटिन विषयात नापास झाले. परंतु ती परीक्षा दर सहा महिन्यांनी होत असे. त्यांनी लॅटिनचा पुन्हा अभ्यास केला आणि १८९० साली ते उत्तीर्ण झाले.

आपल्याकडे १९४९ पासून शालान्त परीक्षा सुरू झाली. मार्चमध्ये राहिलेले विद्यार्थी ऑक्टोबरला बसू लागले. पण कॉलेजे उघडणार जूनमध्ये! म्हणजे ऑक्टोबरला पास झालेल्याचेही वर्ष फुकट जायचे ते जायचेच. शहरातल्या मुलाला ते एक वर्ष शिकवणीत घालवता येते. खेड्यातला मुलगा तेवढ्यात औताला किंवा होडीवर लागतो, आणि मुलीचे तर लग्नच ठरते. एकदा सुटलेली शाळा मग सुटतेच. २०१५ साली दहावीची फेरपरीक्षा जुलैत घेण्यात आली. त्याच वर्षी पुढच्या वर्गात जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. नियम कागदावर एवढासा, पण किती घरांना त्याने आधार दिला असेल!

आता गुरुजनांना दोन शब्द. पूर्वी मॅट्रिकच्या आधी शाळा चाचणी घेत आणि त्यावरून हेडमास्तर ठरवीत की कोणाचा फॉर्म जाईल आणि कोणाचा अडेल. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणूनही काहींचे फॉर्म अडत. म्हणजे परीक्षेपूर्वीच शिक्षकाचा अंदाज मुलाचे नशीब ठरवी. इंग्लंडात तर शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवरच मुले विद्यापीठाकडे अर्ज करतात. तिथे २०२० साली महामारीमुळे परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा शिक्षकांच्या अंदाजाला गणिती सूत्र लावून गुण दिले. सुमारे चाळीस टक्के गुण अंदाजाहून खाली आले. असा गहजब झाला की चार दिवसांत सरकारला माघार घेऊन शिक्षकांचाच अंदाज मान्य करावा लागला.

आपल्याकडेही २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचा निकाल, वर्षभराचे मूल्यमापन आणि प्रात्यक्षिक यांवरून गुण दिले गेले. निकाल लागला ९९.९५ टक्के! अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारने जी स्वतंत्र सामायिक परीक्षा ठरवली होती, ती उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. मग हे गुण खरे की खोटे, असा वाद पुष्कळ झाला. मला त्यात एवढेच दिसते की तीन तासांचा पेपर चुकू शकतो, तसा वर्षभर पाहणाऱ्या शिक्षकाचा अंदाजही चुकू शकतो. साताऱ्याच्या परीक्षकाने तर नुसता चेहरा पाहून अंदाज बांधला होता. दोन्हींच्या चुकीवर औषध एकच, आणि ते म्हणजे पुन्हा बसण्याची संधी.

मनोरीसारख्या खाडीपलीकडच्या गावी ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मार्व्याची एक तर चुकली तर माणूस धक्क्यावर थांबतो, दुसरी येते. तर चुकली म्हणून कोणी त्याला नालायक ठरवीत नाही. मात्र दुसरी तर केव्हा आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती. निकाल लागल्यावर फेरपरीक्षेच्या अर्जाची मुदत थोडी असते. ज्याच्या घरचे दार लोटलेले असते, त्याच्यापर्यंत ती तारीख बहुधा पोहोचतच नाही. तुम्ही वाट न पाहता त्याच्या घरी जा. उत्तीर्ण होऊनही गुण कमी पडले असतील, तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येते, हेही आईबापांना समजेल अशा शब्दांत सांगा. आणि जाताना कोरा अर्ज बरोबर न्या.