भिंतीवरची नावे, बांधातले लामा

पेरूमधल्या चोकेकिरावची वाट सह्याद्रीत फिरलेल्या पायांना उलटी वाटते. आपण आधी चढतो, मग उतरतो. इथे कापुलियोकच्या कड्यावरून जवळजवळ १,५०० मीटर खाली आपुरिमाक नदीपर्यंत उतरायचे आणि पलीकडचा तेवढाच उभा डोंगर चढायचा. माचू पिचूच्या पायथ्याशी आगगाडी जाते. इथे सामानाला खेचर आणि बाकी आपले गुडघे. दुसऱ्या दिवशी मी वर पोहोचलो.

१९०९ च्या फेब्रुवारीत, भर पावसात, हायरम बिंगहॅम याच ठिकाणी आला. माचू पिचूचे नाव तोवर त्याला ठाऊक नव्हते. त्याच्याआधी खजिन्याच्या शोधात निघालेल्या लोकांनी वाट पाडली होती आणि सुरुंग लावून काही भिंतीही उडवल्या होत्या. ‘सोन्याचा पाळणा’ असा नावाचा अर्थ सांगितला जातो, त्याचाच हा परिणाम असावा! सोने मिळाले नाही. बिंगहॅमला मात्र इथे पूर्वीच्या पाहुण्यांनी लिहून ठेवलेली नावे सापडली: १८३४, १८६१, १८८५. ती त्याने उतरवून घेतली. ‘शोध लावला’ हे क्रियापद त्यानंतरही इतिहासाच्या पुस्तकांत इतके बिनधास्त कसे वापरले जाते, याचे मला नवल वाटते.

स्पॅनिशांशी लढत १५७२ पर्यंत टिकलेल्या इंकांची शेवटची राजधानी विल्काबांबा, ती हीच, असे आंतोनियो राइमोंदीसारख्या अभ्यासकांना वाटे. बिंगहॅमला ते पटले नाही. खरे विल्काबांबा शोधायला तो १९११ मध्ये परतला, माचू पिचूला पोहोचला आणि पुढे तेच विल्काबांबा मानून बसला. आज तो मान खाली जंगलातल्या एस्पिरितू पांपाला दिला जातो.

चौकातल्या इमारती पाहून झाल्यावर मी पश्चिमेच्या उतारावर गेलो. इथला दगड पापुद्र्यांचा, कुस्कोसारखे घोटीव चिरे त्यातून निघत नाहीत. पण या उतारावरच्या शेतीच्या पायऱ्यांना जे बांध घातले आहेत, त्यांत पांढरे दगड बसवून लामा काढलेले आहेत. वीसहून अधिक, मोठे आणि पिल्लेही. २००४-०५ च्या सुमारास झाडी काढली तेव्हा ते उजेडात आले. म्हणजे भिंतीवर नावे लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही ते दिसले नव्हते.

अशी दगडातली नक्षी उत्तरेकडच्या चाचापोया लोकांच्या बांधकामात आढळते. म्हणून काही अभ्यासकांचे मत असे की हे काम त्यांचे. जिंकलेल्या मुलखातली माणसे उचलून दूर वसवण्याची इंकांची पद्धत होती. अशा वसवलेल्यांना मित्मा म्हणत. तसे असेल तर हे गवंडी शेकडो किलोमीटरवरून, बहुधा आपल्या मर्जीविरुद्ध, इथे आले होते. इंकांकडे लिपी नव्हती, दोरांच्या गाठींत हिशेब ठेवत. त्यामुळे या माणसांची नावे कळायचा मार्ग नाही.

मी एका लामापाशी थांबलो. पायांचे दगड उभे, पाठीचे आडवे, आणि मान किंचित पुढे काढलेली; जनावर चढावर चालताना काढते तशी.