सातव्या शस्त्रक्रियेत सापडलेली ग्रंथी

संशोधन करताना 'काहीच सापडलं नाही' असं वहीत लिहायची वेळ प्रत्येकावर येते. अशा वेळी मला चार्ल्स मार्टेल आठवतो.

हा अमेरिकेतला, व्यापारी जहाजावरचा कप्तान. त्याची हाडं ठिसूळ होऊन मोडायची, उंची काही इंचांनी घटली होती आणि रक्तात कॅल्शियम वाढलं होतं. संशय पॅराथायरॉइडवर, म्हणजे परावटू ग्रंथींवर होता. गळ्यात थायरॉइडच्या मागे या बहुधा चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. एखादी अतिसक्रिय झाली की तिच्या संप्रेरकामुळे हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. 1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी अशी गाठ काढून रुग्णाला आराम दिला होता. 1926 पासून मार्टेलवरही शस्त्रक्रिया सुरू झाल्या. सहा झाल्या, तरी गाठ सापडेना.

1932 मध्ये बोस्टनला सातव्या वेळी छाती उघडली, आणि गाठ तिथे होती! कारण गर्भात आहे. खालच्या दोन परावटू ग्रंथी थायमससोबत तयार होतात आणि त्याच्याबरोबर खाली सरकतात. एखादी गळ्यात न थांबता छातीपर्यंत जाते. निदान बरोबर होतं, शोधायची जागा चुकली होती. पण फार उशीर झाला होता. काही आठवड्यांतच मार्टेल गेला.

पुढे प्रश्नच बदलला: कापण्याआधी जागा कळेल का? सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य खरं तर हृदयाच्या तपासणीसाठी होतं. थायरॉइडमधून ते लवकर निघून जातं, अतिसक्रिय परावटू ग्रंथीत मात्र रेंगाळतं, हे 1989 च्या सुमारास लक्षात आलं. मग गळाभर शोधायची गरज कमी झाली, छोटा छेद पुरू लागला. छातीतली गाठही दुर्बिणीने काढता येऊ लागली.

दुसरा प्रश्न: थांबायचं कधी? या संप्रेरकाचं रक्तातलं अर्धायुष्य काही मिनिटांचंच असतं. गाठ काढल्यावर 10 मिनिटांत पातळी निम्म्याहून खाली आली, तर बहुधा काम झालं. नाही आली, तर अजून कुठेतरी दुसरी गाठ असू शकते.

छेद लहान झाला तो नुसत्या बारीक हत्यारांमुळे नाही, आधी मिळालेल्या माहितीमुळे. म्हणून वहीत 'सापडलं नाही' लिहाल तेव्हा पुढे 'कुठे शोधलं' तेही लिहा. मार्टेलच्या बाबतीत सगळा फरक त्या एका शब्दाचा होता.